मुखवट्यांचा धनी : सर ॲलेक गिनेस



वसंतातल्या व्याख्यानमालेत एका इंग्रज नटाच्या कारकिर्दीवर बोलायचे म्हटले, की समोरून पहिला प्रश्न येतो तो हा, की आपल्याकडे नटांची काय वानवा आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर मी आत्ताच देतो आणि अर्धे शेवटी देईन. अर्धे उत्तर असे, की या इंग्रज नटाने उतारवयात एका बोलपटात ज्या गृहस्थाचे सोंग आणले, त्या गृहस्थाचे आडनाव गोडबोले होते. आता हे गोडबोले लंडनच्या नटाला कुठे भेटले, आणि त्यांची भेट मनासारखी झाली की नाही, ते यथाक्रम येईलच.

त्याआधी एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. आपण नाटकाला जातो ते कोणाला पाहायला? नटाला, की त्याने घेतलेल्या भूमिकेला? आपण म्हणाल, भूमिकेला. पण मग आवडता नट विंगेतून नुसता बाहेर येताच, तोंडातून एक अक्षर निघण्यापूर्वी, आपल्या नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट का होतो? ती टाळी भूमिकेला नसते. ती ओळखीच्या चेहऱ्याला असते. जगातले बहुतेक नामवंत नट या ओळखीच्या भांडवलावर जगतात. सर ॲलेक गिनेस हा त्यांतला नव्हे. सहा दशकांहून अधिक काळ त्याने रंगभूमीवर आणि पडद्यावर काम केले, पण लोकांनी आपला चेहरा ओळखावा असे त्याने कधी केले नाही. त्याची एक गोष्ट सांगितली जाते. एका उपाहारगृहात त्याने आपला कोट आणि हॅट तिथल्या नोकराकडे ठेवायला दिली. पावती मागितली, तर नोकर हसून म्हणाला, आपल्याला पावतीची गरज नाही. गिनेस मनातून सुखावला. म्हटले, चला, निदान याने तरी ओळखले! परत निघताना कोटाच्या खिशात हात घातला तो एक चिठ्ठी लागली. तिच्यावर लिहिले होते : टक्कल, चष्मा.

ज्या नटाची खूण एवढीच, त्याने काय काय केले हे पाहण्यासारखे आहे. आणि त्याहून पाहण्यासारखे आहे ते हे, की दुसऱ्याचा चेहरा चढवण्याची ही विद्या कुठे तारते आणि कुठे फसते. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख त्यावर आहे.

गिनेसचा जन्म लंडनमध्ये 2 एप्रिल 1914 रोजी झाला. त्याच्या जन्माच्या दाखल्यावर बापाच्या नावाची जागा कोरी आहे. आई ॲग्नेस कफ. तिचे लग्न झालेले नव्हते, आणि मुलाचा बाप कोण हे त्याला अखेरपर्यंत निश्चित कळले नाही. पुढे आईने लग्न केले, तेव्हा सावत्र बापाचे आडनाव त्याला लागले. स्वतः त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे, की चौदा वर्षांचा होईपर्यंत आपल्याला तीन निरनिराळी नावे होती, आणि तोवर आपण सुमारे तीस बिऱ्हाडे पाहिली. हॉटेलात राहावे, भाडे थकले की निघावे, असे ते बालपण. ज्याला स्वतःचे नावच परक्याच्या घराप्रमाणे वापरावे लागले, त्याला दुसऱ्याच्या नावाने वावरण्यात संकोच वाटू नये, हे मला समजू शकते. तथापि याच कारणाने तो नट झाला, असे मी म्हणणार नाही. बापाच्या नावाची जागा कोरी असलेली मुले लंडनमध्ये तेव्हा पुष्कळ असतील. ती सगळी काही नट झाली नाहीत.

शाळा संपल्यावर तो एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याच्या नोकरीला लागला. पगार बेताचा, उरलेले पैसे नाटकाच्या तिकिटावर जात. त्या काळी लंडनच्या रंगभूमीवर जॉन गिलगुडचे राज्य होते. या पोराने धिटाई करून खुद्द गिलगुडला फोन केला, आणि शिकवणी कोणाकडे लावावी असे विचारले. गिलगुडने मार्टिटा हंट या नटीचे नाव सुचवले. थोड्याच शिकवण्यांनंतर बाईंनी शिष्याला स्पष्ट सांगितले, की तुम्ही काही नट होणार नाही. गंमत अशी, की पुढे काही वर्षांनी डिकन्सच्या 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स' या कादंबरीवर बोलपट निघाला, तेव्हा गुरू आणि नापास शिष्य दोघेही एकाच श्रेयनामावलीत झळकले!

नंतर त्याला फे कॉम्प्टन हिच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथल्या स्पर्धेत परीक्षक होता गिलगुड, आणि बक्षीस मिळाले गिनेसला. पण बक्षिसाने पोट भरत नाही. 2 एप्रिल 1934 रोजी, म्हणजे विसाव्या वाढदिवशी, त्याने धंदेवाईक रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते एका नाटकातल्या मुक्या भूमिकेत. त्यानंतर उपासमारीचे दिवस आले. त्या दिवसांत गिलगुडने त्याला वीस पौंड देऊ केले होते. खिशात चार नाणी नसताना पोराने ते नाकारले आणि दुसरीकडे काम शोधले. ते मिळाले, आणि कसे मिळाले पाहा : एकाच नाटकात तीन भूमिका, एक चिनी हमाल, एक फ्रेंच चाचा आणि एक इंग्रज खलाशी! मुखवट्यांच्या व्यापाराची ही बोहनी होती म्हणा ना.

त्याच वर्षी गिलगुडने त्याला आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची लहानशी भूमिका दिली, आणि मग शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. 1936 पासून तो ओल्ड व्हिक या प्रसिद्ध संस्थेत आला. तिथे त्याने एल्सिनोरच्या किल्ल्यात ऑलिव्हिएच्या 'हॅम्लेट'मध्ये बारीकसारीक कामे केली; गिलगुडच्या मंडळीत राहून शेक्सपिअर, शेरिडन आणि चेकॉव्ह यांची नाटके केली; आणि 1938 साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, स्वतः हॅम्लेट केला. दिग्दर्शक टायरन गथ्रीने ते नाटक एकही ओळ न गाळता, आधुनिक पोशाखात सादर केले. कबरस्तानाच्या प्रवेशात छत्र्या घेतलेली माणसे पाहून लंडनचे प्रेक्षक चपापले होते. याच वर्षी त्याने मेरुला सॅलामन या नटीशी विवाह केला. तो संसार बासष्ट वर्षे टिकला. नाटकवाल्यांच्या संसाराबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते ध्यानी घेता, हा आकडा मी मुद्दाम सांगत आहे.

मग महायुद्ध आले. गिनेस 1941 साली आरमारात साध्या खलाशाच्या जागी भरती झाला, वर्षभरात अधिकारी झाला, आणि 1943 च्या जुलैमध्ये सिसिलीवर दोस्तांचे सैन्य उतरले तेव्हा सैनिक वाहून नेणाऱ्या एका नौकेचा तो कप्तान होता. वेळ पुढे ढकलल्याचा निरोप त्याच्या नौकेला मिळालाच नाही. त्यामुळे तो ठरल्या वेळी एकटाच किनाऱ्याला जाऊन लागला. वरिष्ठ अधिकारी रागावला. त्यावर गिनेसने त्याला ऐकवले, की लंडनच्या नाट्यगृहात आठ वाजता पडदा उघडेल अशी जाहिरात केली, तर पडदा आठलाच उघडतो, नवाला नाही. आरमाराने ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. मित्रहो, ही गोष्ट केवळ आरमाराने शिकण्यासारखी आहे असे मला वाटत नाही. पण व्याख्यानमालेच्या चालकांसमोर मी अधिक बोलत नाही.

आरमारात जाण्यापूर्वी त्याने 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स'चे स्वतः नाट्यरूपांतर केले होते. तो छोटासा प्रयोग पाहायला डेव्हिड लीन नावाचा एक तरुण चित्रपट-संकलक आला होता. युद्धाच्या काळातच लीन दिग्दर्शक झाला आणि 1946 साली त्याच कादंबरीवर त्याने बोलपट काढला, तेव्हा त्याने हर्बर्ट पॉकेटच्या भूमिकेसाठी गिनेसला बोलावले. इथून दोघांची जोडी जमली. या जोडीने सहा चित्रपट केले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोघे भांडले.

दुसरा चित्रपट 1948 चा 'ऑलिव्हर ट्विस्ट'. गिनेसने फेगिनची भूमिका मागितली. फेगिन म्हणजे चोरट्या पोरांची टोळी चालवणारा म्हातारा ज्यू. लीनला हे हास्यास्पद वाटले. कारण गिनेस तेव्हा तेहतिशीतला, गोरागोमटा. गिनेस म्हणाला, मला एकदा रंगवून पाहा. डिकन्सच्या मूळ आवृत्तीत क्रुकशँकची चित्रे आहेत. त्यांच्याबरहुकूम स्टुअर्ट फ्रीबॉर्न या रंगभूषाकाराने प्रचंड बाकदार नाक, लोंबती दाढी आणि घारे डोळे असा चेहरा उभा केला. गिनेस समोर येताच लीनचा विरोध मावळला. अभिनयाच्या दृष्टीने हा फेगिन अजोड आहे. तो चालतो, सरकतो, हसतो, आर्जवतो, आणि क्षणात भयंकर होतो.

पण श्रोतेहो, तो चित्रपट कधी निघाला? 1948 साली. हिटलरच्या छळछावण्यांची दारे उघडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. तसलेच नाक, तसलीच दाढी, तसलाच हावरा हात नाझींनी आपल्या भिंतीपत्रकांवर वर्षानुवर्षे रंगवला होता. 1949 च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या एका चित्रपटगृहापुढे मरणातून वाचलेले ज्यू जमले. दंगा झाला, पोलीस आले, खेळ बंद पडला. अमेरिकेत चित्रपट 1951 पर्यंत दाखवला गेला नाही, आणि दाखवला तोही फेगिनची दृश्ये कापून. लीनच्या किंवा गिनेसच्या मनात ज्यूंचा द्वेष होता असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या मनात डिकन्सची चित्रे होती. परंतु बर्लिनच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला नटाच्या मनाशी काय कर्तव्य? त्याला पडद्यावरचे नाक दिसत होते. सोंग उत्तम वठले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. उलट जितके उत्तम वठते तितके ते खोल लागते. हा प्रश्न आपण इथे खुंटीला टांगून ठेवू; गोडबोल्यांपाशी तो पुन्हा उतरवावा लागेल.

पुढच्याच वर्षी, 1949 साली, लंडनच्या ईलिंग स्टुडिओने 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हा विनोदी बोलपट काढला. दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. एका सरदार घराण्याने दूर लोटलेला तरुण आपल्या आणि जहागिरीच्या मध्ये येणाऱ्या नातलगांचा काटा काढू लागतो, असे कथानक. गिनेसला त्यातल्या चार नातलगांची कामे देऊ केली होती. तो म्हणाला, चारच का? आठही मीच करतो! आणि त्याने आठही केली : उमराव, सावकार, पाद्री, सेनापती, आरमारप्रमुख, दोन तरुण, आणि बायकांच्या मताधिकारासाठी झगडणारी एक म्हातारी बाई. त्यांतले सहाजण चर्चमध्ये एकत्र बसलेले दिसतात असे एक दृश्य आहे. आजच्यासारखी गणकयंत्रे तेव्हा नव्हती. छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्ब याने कॅमेरा एका जागी घट्ट बांधला, भिंगाचा एकेक भाग झाकून एकाच फिल्मवर पुन्हापुन्हा चित्रण केले, आणि कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून रात्री तो स्टुडिओतच झोपला! पण युक्ती कॅमेऱ्याची असली तरी आठ माणसे नटाचीच होती. नुसते पोशाख बदलून आठ माणसे होत नाहीत. पाद्री कसा बसतो, सेनापती कसा बसतो, बाई कशी बसते, हे वेगळे ठाऊक असावे लागते. गिनेस म्हणे, माणसाची चाल सापडली की माणूस सापडला. हे वाक्य नाट्यशिक्षणाच्या वर्गात भिंतीवर लिहून ठेवावे.

ईलिंगच्या पुढल्या चित्रपटांत हीच विद्या अधिक सूक्ष्म झाली. 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मधला वीस वर्षे इमानेइतबारे सोने वाहणारा आणि मग तेच सोने लुटण्याचा बेत करणारा बँकेचा कारकून. 'द मॅन इन द व्हाइट सूट'मधला कधी न मळणारे, न फाटणारे कापड शोधून मालक आणि मजूर दोघांनाही शत्रू करून बसणारा भाबडा शास्त्रज्ञ. 1955 च्या 'द लेडीकिलर्स'मधला दात पुढे आलेला ढोंगी प्रोफेसर. लढाईने थकलेल्या, शिधापत्रिकेवर जगणाऱ्या इंग्लंडला हा नट आपला वाटला, कारण तो कोणी वीरपुरुष नव्हता. रांगेत आपल्यापुढे उभा असणारा माणूस होता.

इतके यश मिळत असताना 1951 साली तो सपशेल आपटला. त्याने पुन्हा 'हॅम्लेट' केला. या खेपेस दिग्दर्शनातही त्याचाच हात. पहिल्याच रात्री दिव्यांच्या यंत्रणेत घोटाळा झाला आणि भुताच्या प्रवेशात अंधाराऐवजी उजेड पडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी नाटकाची सालटी काढली. पण गिनेसने दिव्यांना दोष दिला नाही. आपलाच धीर खचला आणि आपणच सामना सोडून दिला, असे तो सांगे. मला या पराभवाचे महत्त्व वाटते. फेगिनच्या नाकामागे लपता येते, आठ टोप्यांमागे लपता येते. हॅम्लेटमागे लपायला जागाच नाही. त्या भूमिकेत नटाला स्वतःचेच काळीज काढून ठेवावे लागते. मुखवट्यांच्या धन्याला तेच जड जात होते.

1953 साली तो गथ्रीबरोबर कॅनडात गेला. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या स्ट्रॅटफर्ड या लहानशा रेल्वेच्या गावात, एका प्रचंड तंबूत, 13 जुलैला शेक्सपिअर महोत्सवाचा नारळ फुटला. तिथे तिसरा रिचर्ड म्हणून पहिले भाषण केले ते गिनेसने. तंबूत सुरू झालेला तो महोत्सव आजही चालू आहे. गावोगावच्या व्याख्यानमाला मांडवात भरवणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकून हुरूप यावा.

याच सुमारास त्याच्या घरावर संकट कोसळले. अकरा वर्षांचा एकुलता एक मुलगा मॅथ्यू पोलिओने आजारी पडला. कमरेखाली लुळा झाला. चित्रीकरणाहून घरी जाताना हा माणूस वाटेतल्या एका कॅथलिक चर्चमध्ये शिरून बसू लागला. तो त्या पंथाचा नव्हता. 1954 साली फ्रान्समध्ये 'फादर ब्राउन'चे चित्रण चालू असताना तो पाद्र्याच्या वेषात रात्री रस्त्याने निघाला होता. एका अनोळखी लहान मुलाने त्याला खरा पाद्री समजून त्याचा हात धरला, बडबड करीत काही पावले बरोबर चालला, आणि नमस्कार करून निघून गेला. नुसत्या वेषावर मुलाने एवढा विश्वास ठेवावा, याने गिनेस विचारात पडला. मुलगा पुढे चालू लागला, आणि 1956 साली गिनेसने कॅथलिक पंथ स्वीकारला. श्रद्धेचा हिशेब आपण करू नये. मी एवढेच म्हणतो, की यानंतर त्याच्या अभिनयात काहीतरी आत उतरले.

त्याचा पुरावा 1957 चा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. जपान्यांच्या कैदेत सापडलेली इंग्रज पलटण, आणि तिचा कर्नल निकल्सन. अधिकाऱ्यांनी मजुरी करायची नाही, या कायद्याच्या कलमासाठी तो छळ सोसतो. आणि शेवटी मान राहिल्यावर शत्रूसाठीच असा उत्तम पूल बांधतो, की तो आपण कोणासाठी बांधतो आहोत याचाच त्याला विसर पडतो. गिनेसने प्रथम ही भूमिका नाकारली होती. हा कर्नल प्रत्यक्षात भेटला तर कंटाळवाणा वाटेल, असे लीनचे मत. कंटाळवाणा माणूस रंगवायला मला एवढ्या लांब लंकेत कशाला आणले, असा गिनेसचा सवाल. भांडत भांडत काम पुरे झाले.

त्यातला एकच प्रवेश सांगतो. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून निकल्सनला बाहेर काढतात. समोर त्याची सगळी पलटण पाहत आहे. त्याला पाय टाकवत नाही, पण पडायचेही नाही. तो ताठ मानेने, लटपटत, पाऊल पाऊल टाकीत जपानी अधिकाऱ्याच्या खोलीकडे जातो. शब्द एक नाही. ही चाल गिनेसने कुठून आणली? आजारातून उठलेला त्याचा मॅथ्यू पहिल्यांदा पावले टाकू लागला, ती ही चाल. आपल्या साऱ्या आयुष्यातले उत्तम काम कोणते, तर त्या थोड्या पावलांचे, असे तो मानी. इथे नाक चिकटवलेले नाही, रंग फासलेला नाही. बापाने आपल्या पोराची वेदना कर्नलच्या पायांना दिली आहे. या भूमिकेला ऑस्कर मिळाले. 1959 साली तो 'सर' झाला. 1958 च्या 'द हॉर्सेस माउथ'ची पटकथाही त्यानेच लिहिली होती. 1960 च्या 'ट्यून्स ऑफ ग्लोरी'त तर शिस्तप्रिय अधिकाऱ्याची भूमिका सोडून त्याने दारूबाज, धसमुसळा स्कॉटिश कर्नल मागून घेतला.

रंगभूमीही सुटली नव्हती. 1960 साली रॅटिगनच्या 'रॉस' नाटकात तो अरबस्तानचा लॉरेन्स झाला; दोनच वर्षांनी लीनच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त लॉरेन्सची भूमिका दुसऱ्याकडे गेली आणि गिनेस झाला अरब राजपुत्र फैजल. न्यूयॉर्कला डिलन टॉमस या कवीच्या भूमिकेसाठी 1964 साली त्याला टोनी पारितोषिक मिळाले.

1977 साली, त्रेसष्टाव्या वर्षी, 'स्टार वॉर्स' या अवकाशकथेत तो ओबी-वान केनोबी झाला. संवाद त्याला पोरकट वाटत, आणि तसे तो पत्रांतून लिहीही. पण मानधनाबरोबर नफ्यातला लहानसा वाटा त्याने ठरवून घेतला होता. त्या वाट्याने त्याला जन्माची निश्चिंती दिली, आणि जगातल्या पोरांनी त्याला जन्माची डोकेदुखी दिली. एका बारा वर्षांच्या मुलाने सांगितले, की मी हा चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिला. गिनेस म्हणाला, माझ्यासाठी एक कर. तो पुन्हा पाहू नकोस. मुलाला रडू कोसळले. गिनेसला भीती वाटली ती ही, की या पिढीला उसन्या स्वप्नांतच राहायची सवय लागेल. मुलाबद्दल आपल्याला वाईट वाटते. पण भीती अगदीच खोटी नव्हती.

आणि लगेच 1979 साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही मालिका आली. लेखक जॉन ल कॅरे; नायक जॉर्ज स्मायली, निवृत्त गुप्तहेर. भूमिका घेण्यापूर्वी गिनेसने खरा गुप्तहेर पाहायची इच्छा धरली. ल कॅरेने त्याची ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या माजी प्रमुखाशी, सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी, जेवणाच्या निमित्ताने गाठ घालून दिली. पाहुणा उठून गेला तरी गिनेस त्याचे कपडे, छत्री, चाल न्याहाळीतच होता. आणि मग त्याने केले काय? जवळजवळ काहीच नाही. स्मायली बसतो, ऐकतो, चष्मा पुसतो, गप्प राहतो. त्या गप्प बसण्याने समोरचा माणूस घाबरा होऊन बोलू लागतो. पुढे ल कॅरे म्हणे, की गिनेसने माझा स्मायली माझ्याकडून नेला. लिहायला बसलो की त्याचाच आवाज ऐकू येतो. उमेदवारीत तीन मुखवटे घेऊन निघालेला नट पासष्टाव्या वर्षी मुखवटा न घालता उभा राहिला, आणि तरीही लोकांना दिसला तो स्मायलीच!

आता गोडबोले. ई. एम. फॉर्स्टर याची 'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी 1924 ची. फॉर्स्टर 1921 साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. देवासचे पवार मराठे. दरबारात मराठी वहिवाट. गोकुळाष्टमीचा उत्सव मोठा. तो उत्सव फॉर्स्टरने डोळ्यांनी पाहिला आणि कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरवला. तिथे भजनात तुकोबांचे नाव येते, आणि भजनाच्या पुढे उभे असतात ते प्रोफेसर नारायण गोडबोले, दक्षिणी ब्राह्मण. आडनाव गोडबोले, पण विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे नाही असा त्यांचा बाणा. कादंबरीत त्यांचे एक गाणे आहे. गौळण कृष्णाला ये म्हणते, आणि तो येत नाही. तो कधीतरी येतो ना, असे एक इंग्रज बाई विचारते. गोडबोले शांतपणे सांगतात, नाही. न येणाऱ्या देवाला बोलावीत राहणे ही भक्तीची केवढी खोल जागा आहे, हे वारकऱ्यांच्या मुलखात मी सांगायला नको.

1984 साली लीनने यावर चित्रपट काढला. चित्रण पुष्कळसे बंगळूरच्या परिसरात झाले. अझीझच्या भूमिकेला व्हिक्टर बॅनर्जी, इतर भूमिकांना सईद जाफरी, रोशन सेठ. आणि गोडबोल्यांच्या भूमिकेला कपाळी गंध लावून, तोंडाला तपकिरी रंग लावून, सत्तरीतला गिनेस. भक्तिनृत्याचा एक प्रवेश त्याने मेहनतीने बसवला होता. लीनने तो कापला, आणि गिनेस दुखावला. पुष्कळ टीकाकारांना हे गोडबोले चित्रपटातले दुबळे स्थान वाटले. मराठी माणसाने पाहिले तर त्याला काय दिसते? आसन दिसते, हातवारे दिसतात, डोळ्यांतले गूढ हसू दिसते; पण हा गृहस्थ कोणत्या वाड्यातून आला, याच्या घरी अष्टमीला काय होते, याने अभंग कोणाच्या मांडीवर ऐकला, हे दिसत नाही. निकल्सनच्या पायांना मॅथ्यू मिळाला होता; गोडबोल्यांच्या पायांना कोणी मिळाला नाही.

मघाशी खुंटीला टांगलेला प्रश्न आता उतरवू. एका जातीच्या, एका देशाच्या नटाने दुसऱ्याचे सोंग आणू नये काय? मी तसे म्हणणार नाही. तसे म्हटले तर नाटकच संपले; मग हॅम्लेटसाठी डेन्मार्कचा राजपुत्रच आणावा लागेल. पण दोन अटी मला दिसतात. पहिली, ज्याचे सोंग आणायचे त्याच्या आयुष्यातले काहीतरी नटाच्या काळजात आधी उतरले पाहिजे. रंगाच्या डबीतून ते मिळत नाही. दुसरी, ज्याचे सोंग आणले तोही कुठेतरी प्रेक्षकांत बसला आहे, हे विसरता कामा नये. फेगिनच्या वेळी तो बर्लिनमध्ये रस्त्यावर उभा होता. गोडबोल्यांच्या वेळी तो आपल्या गावच्या चित्रपटगृहात बसला होता. सईद जाफरी, रोशन सेठ यांच्यासारखे नट त्याच चित्रपटात असताना एवढी एक भूमिका साता समुद्रांपलीकडच्या नटाला द्यावी लागली, हा दोष गिनेसपेक्षा काळाच्या सवयीचा आणि दिग्दर्शकाच्या हट्टाचा अधिक आहे. ती सवय आता मोडत चालली आहे, हे बरेच झाले.

म्हणून या नटाचे मोल कमी होते काय? माझ्या मते नाही. कलावंताला त्याच्या उंच जागेवरून मोजावे, पण त्याच्या पडक्या जागाही झाकू नयेत. त्यांतूनच आपल्याला त्याच्या कलेचा नियम कळतो. गिनेसचा नियम असा, की बाहेरून आत जाताना तो कधी चुकला, पण आतून बाहेर येताना कधीच चुकला नाही. 1988-89 साली लंडनच्या रंगभूमीवर एका रशियन मुत्सद्द्याची भूमिका करून त्याने नाटकाचा निरोप घेतला. 5 ऑगस्ट 2000 रोजी, शहाऐंशीव्या वर्षी, तो वारला. दोन-अडीच महिन्यांतच मेरुलाही गेली.

आपल्याकडे नट घडवणाऱ्या शाळा आता निघाल्या आहेत, हौशी मंडळी तर गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे, की आरशापुढे उभे राहण्यापूर्वी खिडकीत उभे राहा. रस्त्याने जाणारा पोस्टमन कसा चालतो, आजारातून उठलेले मूल कसे पाऊल टाकते, उत्तर द्यायचे नसलेला माणूस चष्मा कसा पुसतो, हे पाहा. आणि आपण प्रेक्षकांनी, पुढच्या खेपेस आवडता नट विंगेतून बाहेर आला, की टाळी क्षणभर राखून ठेवावी. तो कोण होऊन आला आहे ते आधी पाहावे, आणि मग ती मनापासून द्यावी.